उत्तरेच्या भिंतीतलं सूर्यघड्याळ

थॉर्नहोमच्या चर्चला संडास हवा, यावर गावात दुमत नव्हतं. पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी इथली प्रवचनं अंग आवळून ऐकली होती. वाद होता तो नव्या खोलीत जायला दार कुठून पाडायचं याचा. आर्किटेक्ट क्राउच यांचा डोळा उत्तरेच्या भिंतीतल्या अरुंद, टोकदार खिडकीवर होता. ती काढली की काम सोपं होत होतं. गावातले गिल्बर्ट पॅलंट मात्र हयातभर सांगत आले, की त्याच भिंतीत एक जुनं दार बुजवलेलं आहे. अशा चर्चमध्ये दारं समोरासमोर असतात, म्हणून दक्षिणेच्या दारासमोर त्यांनी गिलाव्यावर पेन्सिलीने फुलीही मारून ठेवली होती. नोव्हेंबरात ते गेले.

बिशपच्या कचेरीने गिलावा एकाच जागी खरवडायला परवानगी दिली. दार सापडलं तर तेच उघडायचं, नाहीतर खिडकी जाणार.

जागा दाखवायचं काम आता गिल्बर्ट यांच्या मुलीकडे, हेस्टरकडे होतं. खरवडायच्या दिवशी सकाळी ती आधी बाहेरून भिंत पाहून आली. वडील असेपर्यंत त्या भिंतीवर आयव्हीचा वेल माजलेला होता. तो आता कुठे काढला होता. आत येऊन ती फुलीपाशी थांबलीच नाही. बरीच पूर्वेला गेली आणि भिंतीवर हात ठेवून म्हणाली, "इथे."

चर्चच्या कारभारी मॉरीनबाईंनी तिला लहानपणापासून पाहिलेलं. त्या जवळ आल्या. "अगं, फुली तिकडे आहे. गिल्बर्टने काय गंमत म्हणून मारली होती?"

"दार आहे. जागा बाबांची चुकली."

मग तिने शांतपणे सांगितलं. बाहेर या जागी एका दगडात भोक आहे आणि त्यातून फाकलेल्या रेघा. प्रार्थनेची वेळ सांगणारं ते सूर्यघड्याळ. उत्तरेच्या भिंतीवर ऊन पडत नाही; तिथे ते कोरण्याइतका कुठलाही गवंडी प्यालेला नसतो, म्हणजे दगड दक्षिणेकडून आला. तिकडे बाजूचा भाग वाढवला तेव्हा जुनी भिंत पाडली, दार पश्चिमेला सरकवलं, आणि निघालेल्या दगडांनी हे दार बुजवलं. वडिलांनी अंतर धरलं ते सरकवलेल्या दारावरून.

"आणि गिलाव्याखाली काहीच नसलं तर?" क्राउचनी विचारलं.

"तर खिडकी तुमची. पण असेल."

गिलावा हलके हलके सुटू लागला. आधी एक घडीव कड दिसली, मग ती वर वळत गेली. क्राउचनी कमानीवरून बोट फिरवलं, ही खिडकीपेक्षाही जुनी आहे म्हणाले, आणि नकाशा पुन्हा काढावा लागणार म्हणून सुस्कारा सोडला.

"गिल्बर्टने वर्षभर हुज्जत घातली असती," मॉरीनबाई म्हणाल्या.

"दोन वर्षं," हेस्टर म्हणाली.

क्राउच ओला स्पंज घेऊन फुली पुसायला निघाले. तिने त्यांना अडवलं.

"राहू दे ती. पुढे कोणी ही भिंत वाचायला येईल, त्यालाही डोकं खाजवायला काहीतरी हवं."