एरविनची अकरा विमानं

प्रल्हाद काकांनी आयुष्यभर बँकेत ऑडिट केलं, आणि ती खोड काही रिटायरमेंटबरोबर जात नाही. वेस्ट विंडसरला मुलाकडे राहायला आल्यावर ते सुशांतच्या फ्रिजमधल्या बाटल्यांवरच्या एक्स्पायरी तारखा तपासू लागले. सुशांत बिचारा सकाळी ट्रेन पकडून न्यूयॉर्कला सटकायचा. तावडीत सापडायच्या त्या शुभा काकू. या माणसाला कुणीतरी काम द्या हो, असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत.

काम दिलं शेजारच्या डीटरने. डीटर म्हातारा, एकटा, तब्येतीने शिडशिडीत. काकांना पहिल्या हिवाळ्यात बर्फ कसा उपसायचा ते त्यानेच शिकवलं होतं, आणि तेव्हापासून दोघं रोज कालव्याच्या काठाने फिरायला जायचे. तो जन्माने जर्मन. वडील एरविन दुसऱ्या महायुद्धात रात्रीच्या अंधारात इंग्रजांची बॉम्बफेकी विमानं पाडणारे वैमानिक. डीटर पोटात असतानाच ते गेले. आईने पुढे एका अमेरिकन सैनिकाशी लग्न केलं आणि लेकराला घेऊन न्यू जर्सीला आली. वडिलांची आठवण म्हणून डीटरकडे एकच फोटो होता: विमानाच्या शेपटीला टेकून उभे असलेले एरविन, आणि शेपटीवर अकरा पांढरे पट्टे. पाडलेल्या दर विमानामागे एक पट्टा, असं आईने त्याला लहानपणीच सांगितलं होतं.

मार्चमध्ये डॉक्टरांनी डीटरला सांगितलं की हृदयाची झडप बदलावी लागेल, आणि या वयात धोका आहेच. दुसऱ्या दिवशी फिरताना त्याने काकांना विचारलं, माझ्या वडिलांचा रेकॉर्ड शोधून देशील का? ऑपरेशनच्या आधी मला त्या अकराच्या अकरा विमानांची माहिती हवी आहे. कधी पाडली, कुठे पाडली, सगळं.

झालं! काका हात धुऊन त्या एरविनच्या मागे लागले. जर्मनीतल्या अभिलेखागाराला ईमेल, जुन्या विमानांच्या नादी लागलेल्या जगभरच्या लोकांना ईमेल. जर्मन येत नाही तर फोन धरायचा कागदावर आणि भाषांतर वाचायचं. पद्धत मात्र बँकेचीच: एका कागदावर विश्वास नाही, दुसरीकडून जुळलं तरच टिक. त्या काळी वैमानिकाने विमान पाडलं म्हटलं की साक्षीदार द्यावा लागे, मग वर मंजुरी मिळे. काका मंजूर यादी बघत, मग त्याच रात्री इंग्रजांचं कुठलं विमान परतलं नाही ते बघत. जेवायला बोलावलं तर, आलोच, दोन मिनिटं. काकूंची पोळी गार.

आणि एकही टिक पडेना.

एरविनचं नाव त्या याद्यांत नव्हतंच. ते बराच काळ नव्या पोरांना शिकवायला होते, लढणाऱ्या तुकडीत गेले ते अगदी शेवटी. तिथे जेमतेम दोन-तीन उड्डाणं झाली आणि जानेवारीतल्या धुक्यात, उतरताना, विमान झाडांवर आदळलं. फोटोतल्या शेपटीवरचा नंबर काकांनी भिंग लावून वाचला. ते विमान तुकडीतल्या दुसऱ्याच एका वैमानिकाचं निघालं. पट्टे त्याचे. एरविन नुसतेच शेजारी उभे राहिले होते आणि फोटो बायकोला पाठवून दिला होता.

काकांना खरं तर राग यायला हवा होता. पण काकू खो खो हसल्या. लग्नाआधी तुम्ही मला बुलेटवर बसलेला फोटो पाठवला होतात, ती बुलेट कुणाची हो? काका ओशाळून म्हणाले, मोकाशांची. त्या दिवसापासून त्यांना एरविनबद्दल माया वाटायला लागली. कोवळा पोरगा, घरी पोटुशी बायको, जरा रुबाब दाखवला तर काय बिघडलं?

पण डीटरला हे सांगायचं कसं? ऐंशी वर्षं ज्या बापाचा फोटो त्याने दिवाणखान्यात लावलाय, तो बाप दुसऱ्याच्या विमानाला टेकून उभा होता म्हणून? तेही छातीची चिरफाड व्हायच्या तोंडावर? आपल्याकडे आजारी माणसाला खरं सांगायची पद्धतच नाही. रिपोर्ट वाईट आला की आख्ख्या घराला कळतो, मावशीला कळतो, खालच्या वाण्यालाही कळतो. कळत नाही ते फक्त पेशंटला. काकांच्या वडिलांच्या वेळी असंच झालं होतं, सासऱ्यांच्या वेळीही असंच. काकू म्हणाल्या, खोटं बोलू नका हो, पण खऱ्याचीही घाई नको, घरी आला की सांगा. काकांनी मान हलवली खरी, पण मनात ठरवलं ते वेगळंच. बिचारा आनंदात जाऊ दे आत.

तशात काकूंनी हिशेब मांडला की डीटरला एक्याऐंशीवं लागलंय. म्हणजे हजार पौर्णिमा बघून झाल्या, आणि माणसाचं कुणी करायला नाही. मग सहस्रचंद्रदर्शन आपणच करायचं! ऑपरेशन मंगळवारी, सोहळा रविवारी दुपारी. एक्याऐंशी दिव्यांनी ओवाळायचं तर घरात धुराचा अलार्म बोंबलणार, म्हणून सुशांतने गाड्या बाहेर काढून गॅरेज झाडून दिलं. सून राधिकाने कणकेचे दिवे वळले. तीन परातींत ते मांडले, वाती घातल्या.

डीटर सूट घालून आला. पाटाऐवजी खुर्चीवर बसवून काकूंनी त्याला कुंकू लावलं, हातात नारळ दिला. हजार चंद्रांचं आणि एक्याऐंशी दिव्यांचं ऐकून तो हसला. मग त्याने काकांकडे बघितलं आणि विचारलं, मिळालं का काही?

 "अकराच्या अकरा," काका म्हणाले. "मी स्वतः तपासलंय. तुझे वडील मोठे शूर होते."

डीटरचा चेहरा खुलेल म्हणून ते वाट बघत राहिले. उलट चेहरा पार उतरला. त्याने नारळ मांडीवर ठेवला आणि परातींकडे वळून बघितलं. काकू लायटर घेऊन पुढे आल्या तेव्हा त्याने हळूच त्यांचा हात थांबवला.

"शुभा, यातले चार माझे धर. बाकीचे सत्त्याहत्तर त्या मुलांसाठी लाव."

कुठली मुलं, ते कुणालाच समजेना. त्याने सांगितलं, प्रत्येक विमानात सात जण असत. अकरा साते. शाळेत एकदा त्याने तो गुणाकार केला आणि त्यानंतर एक रविवार असा गेला नाही की चर्चमध्ये त्याने त्या सत्त्याहत्तर जणांची माफी मागितली नाही. फोटो काढून टाकावा असं कितीदा मनात आलं, पण बापाचा दुसरा फोटो नव्हता. विमानं कळली असती तर त्यांची नावं तरी कळली असती. निदान एकदा नावं घेऊन माफी मागायची होती, मंगळवारच्या आधी.

 असा गाढवपणा काकांच्या हातून कधी झाला नव्हता. ज्याच्या पाठीवरचं ओझं उतरवणं हातात होतं, त्याच्याच पाठीवर ते आणखी घट्ट बांधलं!

ते डीटरच्या खुर्चीशी गुडघ्यांवर बसले, दुखऱ्या गुडघ्यांची पर्वा न करता. "मी खोटं बोललो," ते म्हणाले. "तुला वाईट वाटेल म्हणून. तुझ्या वडिलांनी एकही विमान पाडलं नाही. ते पट्टे दुसऱ्याचे आहेत."

"एकही नाही?"

"एकही नाही. सगळीकडून तपासलं. जगले असते तर कदाचित पाडलीही असती, ते मी नाही सांगू शकत. पण त्यांच्या हातून कुणी मेलं नाही. ते धुक्यात गेले, उतरताना."

डीटरने दोन्ही हातांनी काकांचा हात धरला आणि लहान मुलासारखा रडायला लागला. राधिका पाणी आणायला आत पळाली. काकू त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या, आणि काकांनाही हुंदका आवरेना.

पुष्कळ वेळाने त्याने डोळे पुसले. परातींकडे बघत, भीत भीत, त्याने काकूंना विचारलं, "मग हे सगळे माझे?"

"सगळे तुमचेच," काकू म्हणाल्या, आणि त्यांनी पहिला दिवा लावला.