शांततेसाठी चारशे सह्या

"चुकलीस तर ओळ सोडून पुढे पळायचं नाही. मागे जायचं, नीट वाचायचं. ऐकणाऱ्याला दिसत नाही, म्हणून त्याला फसवायचं नसतं."

निवृत्त होताना ग्रंथपालबाईंनी एवढंच सांगून वाचनखोलीची किल्ली तिच्या हातावर ठेवली होती. विद्यापीठाच्या ग्रंथालयात जिन्यामागे ती खोली होती. एक टेबल, दोन खुर्च्या, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून दाराला आतून जाड कापड. पूर्ण इमारतीत मोठ्याने वाचायची परवानगी तेवढ्या एका खोलीतच. रोज अकराला ती तिथे ताईला वाचून दाखवायची. ताई तिच्याच वर्गातली, पण वयाने पंधरा वर्षांनी मोठी. दहा वर्षं टेलिफोन ऑपरेटरची नोकरी करून पुन्हा शिकायला आलेली. दृष्टी जन्मापासून नव्हती. वसतिगृहातल्या मुली वाचणारीला 'रेडिओ' म्हणत, आणि तिला त्याचं काही वाटत नसे. वाचनाचा नेम तिने एक दिवसही चुकवला नव्हता.

बुधवारी किल्ली कुलपात गेलीच नाही. कुलूपच नवं होतं. दारावर सूचना चिकटवलेली.

"काय लिहिलंय?" तिच्या कोपराला धरून उभ्या असलेल्या ताईने विचारलं.

तिने वाचलं. ग्रंथालय यापुढे पूर्ण शांतता क्षेत्र, ही खोली अतिथींच्या बैठकीसाठी राखीव. मात्र सूचनेची पहिली ओळ तिने गाळली. 'विद्यार्थ्यांच्या मागणीनुसार' असं होतं तिथे.

त्या मागणीवर तिचीही सही होती. मोठ्या दालनात लोक खुशाल फोनवर बोलत, डबे उघडत. म्हणून वसतिगृहात तिच्याच खोलीत राहणाऱ्या मैत्रिणीने कागद फिरवला होता. 'ग्रंथालयात शांतता हवी.' चारशे जणांनी सह्या ठोकल्या. तिने तर उभ्याउभ्याच केली होती.

दुपारी खानावळीत याच विषयावर कल्ला चालला होता. कायद्याची मुलं खूश होती. पहिल्यांदाच एका बैठकीत चार तास अभ्यास झाला म्हणे. नाटकवाल्यांनी या शांततेला स्मशान ठरवलं. कुणी म्हणालं, आता शिंकायलाही अर्ज करावा लागेल. वाचनखोलीचं नाव मात्र कुणी काढेना. तिने मैत्रिणीला विचारलं, तर ती भाजीत चमचा फिरवत राहिली. सुक्याबरोबर ओलंही जळतं, म्हणाली, आणि खरं सांगायचं तर तिला शांतता हवीच होती. गेल्या वर्षी ती नापास झाली होती, याची आठवण कुणी ठेवली होती का? ते खोटं नव्हतं. म्हणूनच हिला जास्त राग आला.

ती तडक उपकुलसचिवांकडे गेली. साहेब गोड बोलणारे. त्यांनी फाइल काढली, सह्यांचा कागद तिच्यापुढे सरकवला आणि तिच्या नावावर बोट ठेवलं. तुम्हीच मागितलंत, आम्ही दिलं. शिवाय हल्ली फोनच वाचून दाखवतो की.

फोन! ताईला परीक्षेसाठी लागणारं पुस्तक ऐंशी वर्षांपूर्वीचं, छपाई पुसट झालेलं. फोन त्यातला आडवा तक्ता उभा वाचायचा. पावसाचे आकडे लोकसंख्येत जायचे. पुस्तक इमारतीबाहेर न्यायची परवानगी नाही, पानं तुटतात म्हणून छायाप्रतही नाही. तिची तळपायाची आग मस्तकाला गेली, पण आवाज चढला नाही.

"सही माझीच आहे, सर. पण आम्ही दालनात शांतता मागितली होती. वाचायची खोली काढून घ्या, असं या कागदावर कुठे लिहिलंय ते दाखवा."

साहेबांनी फाइल मिटली. आमच्या पिठावर यांनी रेघोट्या ओढल्या, आणि वर आमचंच नाव घातलं! तिथेच उभं राहून तिने दुसरा अर्ज लिहिला, या निर्णयासाठी माझी सही धरू नये, आणि आवक विभागात शिक्का मारून घेतला. बाहेर येऊन चौदा जणांना तो दाखवला. तिघांनी खाली नाव लिहिलं. बाकीच्यांची परीक्षा जवळ आली होती.

परीक्षा ताईचीही होती. एकोणीस दिवस, तीन प्रकरणं.

ताई ग्रंथालयासमोरच्या बाकावर बसली होती. ती शेजारी टेकली.

"ताई, सकाळी एक ओळ मी गाळली," ती म्हणाली आणि सूचना पुन्हा वाचल्यासारखी पहिल्या शब्दापासून म्हणून दाखवली. मग सहीचंही सांगितलं.

ताईने मिटलेली काठी मांडीवर आडवी ठेवली. तिच्या आवाजात धार होती.

"चारशे जणांना विचारायला वेळ मिळाला. मला एकटीला विचारायला नाही? मीही केली असती सही. खाली फक्त एक ओळ घातली असती."

क्षमा मागून खोली परत मिळणार नव्हती आणि अर्जाला उत्तर यायला परीक्षा उलटली असती. तिने सांगितलं, तिन्ही प्रकरणं तुला ऐकायला मिळतील, कशी ते माझं मी बघते. रोज चारला इथेच बस. ताईने हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. काठी उघडून ती निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी खोलीतली मैत्रीण अजून झोपलेलीच होती. तिने दोनशे पानी कोरी वही घेतली, दोन पेनं घेतली, तक्त्यांसाठी पट्टी घेतली. शांतता क्षेत्रात लिहायला बंदी नव्हती. चारला बाकावर वाचून दाखवायला आज पुस्तकातली दहा पानं वहीत उतरवायची होती, एकही आकडा न चुकवता. दार आवाज न करता ओढून घेऊन ती ग्रंथालयाच्या वाटेला लागली.