सामाईक भिंत

शिंप्याला आणि त्याच्या बायकोला परवडेल असं एकच घर मिळालं. एकमेकांना चिकटलेल्या जुन्या घरांच्या रांगेतलं, मधलं. पोपडे सुटलेले, नळ गळके, जिना कुरकुरणारा.

"घर पाहावं बांधून म्हणतात," मेहुणा हसला. "तुम्ही पाहा खरवडून!"

बायको मात्र हरखली होती. लग्नापासून ती शिलाई मशीन आणि पलंग यांच्यामधल्या फटीतून अंग तिरकं करून चालत आली होती. आता पुढे मशीन, मागे स्वयंपाक, वर झोपायचं. मनात तिचा संसार लागलाही होता.

गवंड्याने डावीकडच्या भिंतीचा गिलावा काढायला घेतला आणि थांबला. भिंतीला पोट आलं होतं. बोट लावलं तरी विटांचं पीठ झडत होतं.

"मास्तर, ही उतरवूनच बांधावी लागेल. पण ही तुमच्या एकट्याची नाही. पलीकडची खोलीही रिकामी पाहिजे, दोनेक महिने."

दोघं शेजारच्या मावशींकडे गेले. त्यांनी ऐकून घेतलं आणि दोघांना आत नेलं. त्याच भिंतीला लागून पलंगावर त्यांचा मुलगा पडून होता. मानेखाली काहीच हलत नव्हतं.

"कुठे नेऊ याला? नातलग दारात उभं करत नाहीत."

"अहो मावशी, भिंत याच्याच अंगावर येईल!" शिंप्याचा आवाज चढला.

"ते मला कळत नाही का?"

"दादा," मुलगा पलंगावरून म्हणाला, "माझ्यामुळे तुमचं अडलं. माफ करा."

 दुसऱ्या दिवसापासून शिंपी स्वतःच दवाखाने, आश्रम पालथे घालत फिरला. कुणीही त्या मुलाला ठेवून घेईना.

शेवटी गवंड्याने पुढच्या खोलीत लाकडी टेकू उभे केले. "यापुढे माझ्या हातात काही नाही," म्हणत त्याने अवजारं आवरली. घर विकायला काढलं, तर लोक दारातूनच टेकू बघून माघारी फिरत.

मशीन स्वयंपाकघरात गेलं; वर झोपायची भीती, म्हणून मागोमाग पलंगही. बायको पुन्हा अंग तिरकं करून चालू लागली. एका सकाळी चुलीमागच्या भिंतीवर तिला बारीकशी भेग दिसली. तिने नवऱ्याला हाक मारली नाही. भाजी चिरत बसली. त्याने डोकं वर केलं, भेग पाहिली आणि सुईत दोरा ओवू लागला. दोरा काही जाईना.

"अहो, द्या इकडे," ती म्हणाली. पण तिलाही तो ओवता येईना.