बुटाची लेस

“वास आला की काय करायचं?”

“खाली बसायचं,” गोटी म्हणाली.

“आणि?”

“बुटाची लेस बांधायची.”

“कुणी विचारलं तर?”

“लेस सुटली होती म्हणायचं. आई, किती वेळा गं!”

तरी आईच्या समाधानासाठी आठ वर्षांची गोटी पाचव्यांदा खाली बसली आणि बांधलेलीच लेस सोडून पुन्हा बांधू लागली. परक्या देशातल्या या दोन खोल्यांत राहायला येऊन त्यांना पाच आठवडे झाले होते. बाप दाराशी उभा राहून शर्टाची बटणं लावत होता आणि चुकीच्या काजात लावत होता.

गोटीला मधूनच जळक्या रबराचा वास यायचा. जळत काहीच नसायचं. वास आला की थोड्याच वेळात तिची नजर एका जागी अडकायची, ओठ पुटपुटल्यासारखे हलायचे आणि अर्धा मिनिट ती कुणाचीच नसायची. कधी धाडकन आपटायचीही. म्हणून घरात शिरस्ताच पडला होता. वास आला की गोटीने ‘वास!’ म्हणून ओरडायचं आणि असेल तिथे बसायचं. हातातलं काम टाकून जो जवळ असेल त्याने धावत येऊन तिला धरायचं. दोन वेळच्या गोळ्यांनी गेले सात महिने त्या वासाने तोंड दाखवलं नव्हतं. ओरडण्याच्या जागी लेस आली ती मागच्या आठवड्यात.

बाप लिफ्टचा मेकॅनिक. तिसाव्या मजल्यावरच्या पोकळीत डोकं घालून तो दुपारच्या जेवणाचा विचार करू शकत असे. पण शाळेच्या फॉर्मने त्याच्या तोंडचं पाणी पळवलं होतं. इथल्या सरकारी शाळा परक्यांची मुलं घेत नसत. परक्यांसाठी होत्या तीन खासगी आंतरराष्ट्रीय शाळा, आणि मुलीला शाळेचा कागद मिळाला तरच मायलेकींचा राहण्याचा परवाना वाढणार होता. नाही मिळाला तर महिनाअखेरीस दोघींनी परत जायचं आणि याने कराराची तीन वर्षं इथे एकट्याने काढायची. ‘मुलाला काही आजार आहे का?’ या चौकटीत त्यांनी दोन शाळांना खरं ते लिहून दिलं. दोन्हीकडच्या बाई गोड हसल्या आणि उद्या फोन करतो म्हणाल्या. फोन आले नाहीत.

तिसऱ्या फॉर्मातली चौकट बायकोने कोरी ठेवली. तिने बारा वर्षं विम्याच्या ऑफिसात फॉर्म तपासले होते.

“असले फॉर्म मी स्वतःच्या हाताने परत पाठवलेत,” ती म्हणाली. “एक शब्द लिहिला की संपलं. कोऱ्या जागेवर नजर थांबतच नाही, अहो.”

तिचा अनुभव मोठा होता आणि याची भीती त्याहून मोठी. त्याने फॉर्म तसाच पाकिटात घातला.

शाळेत सगळं इतकं सुरळीत झालं की त्याला धडकीच भरली. प्रवेश पाहणाऱ्या बाई मऊ आवाजाच्या होत्या. गोटीने धडा वाचून दाखवला, गणितं सोडवली, वर बाईंना त्यांच्या चष्म्याचा नंबर विचारला. बाई खळखळून हसल्या. फॉर्म त्यांनी उलटसुलट पाहिला आणि फायलीत ठेवला. बायकोचं म्हणणं खरं ठरलं. नजर थांबली नाही.

“चला, शाळा बघू या,” बाई म्हणाल्या. दोघांच्या तुटक्या इंग्रजीसाठी त्या सावकाश बोलत होत्या.

ग्रंथालय झालं, चित्रांचा वर्ग झाला. लिफ्टपाशी याने सवयीने कान दिला. दार बंद होऊन कुलूप बसल्याचा आवाज चोख होता. त्याला तेवढ्यापुरतं बरं वाटलं.

शेवटी पोहण्याचा तलाव. तिथे बूट काढून जायचा नियम होता. चौघांनी बूट मांडणीवर ठेवले आणि ओल्या फरशीवरून अनवाणी निघाले. पोहणं सगळ्यांना सक्तीचं, आठवड्यातून दोनदा, असं बाई सांगत होत्या. एका वेळी वीस मुलं पाण्यात आणि शिकवायला एक जण. याने मनातल्या मनात ते पुन्हा म्हटलं. वीस डोकी आणि एक माणूस.

गोटी थांबली.

मग ती खाली बसली. पाण्यापासून हातभर अंतरावर. गुडघा वर घेतला, मान खाली घातली आणि दोन्ही हातांच्या चिमटीत काहीच नसताना उघड्या पावलावर लेस बांधू लागली. एक फास, त्यात दुसरा फास, ओढ. पुन्हा एक फास.

“काय खेळतेय ही?” बाई कौतुकाने म्हणाल्या.

तो कसा पोचला ते त्याचं त्यालाच कळलं नाही. त्याने गोटीला दंडाला धरून पाण्यापासून मागे ओढलं आणि मांडीशी घट्ट आवळलं. तिची नजर समोरच्या भिंतीत अडकली होती. ओठ हलत होते. तो मनात आकडे मोजू लागला.

बायको झटकन बाई आणि मुलीच्या मध्ये येऊन उभी राहिली.

“पाणी किती खोल आहे हो इथे?” तिने मोठ्याने विचारलं.

“या बाजूला दोन मीटर,” बाई म्हणाल्या.

चौतीस मोजून झाले तेव्हा गोटीने पापण्या हलवल्या. बापाला ओळखलं. मग त्याच्या कानाशी येऊन हळूच म्हणाली, “बाबा, मी ओरडले नाही.”

शाबासकी हवी होती तिला. पाठ केलेलं सगळं तिने बरोब्बर केलं होतं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नवशिका असताना एकदा दुरुस्तीसाठी त्याने लिफ्टच्या दाराच्या सुरक्षेला बगल देणारी तार लावली होती. ती काढायला विसरला आणि रजिस्टरात लिहायलाही विसरला. दिवसभर लिफ्ट उघड्या दाराने वरखाली झाली. कुणाला काही झालं नाही. तरी त्याला काम शिकवणाऱ्या मिस्त्रींनी सगळ्यांदेखत थोबाडीत दिली होती. आज मिस्त्री नव्हते, आणि तार त्याने स्वतःच्या मुलीला लावली होती.

“बाई, तो फॉर्म द्या जरा,” तो म्हणाला. “एक लिहायचं राहिलंय.”

बायकोने त्याची बाही धरली. “अहो, नको ना. कुणी काही पाहिलं नाही.”

“तेच तर, अगं,” तो म्हणाला. “मी इथे होतो म्हणून. उद्या कोण असेल?”

तिने बाही सोडली नाही. पाण्याकडे पाहिलं, मग गोटीच्या उघड्या पावलांकडे. मग सोडली.

ऑफिसात बसून त्याने चौकट भरली. मशीनच्या खोलीतल्या रजिस्टरात लिहायची सवय, तसंच लिहिलं. आजची तारीख. अकरा वाजून दहा. काय झालं. किती वेळ. मागच्या वेळी कधी. कोणत्या गोळ्या. त्याखाली, कुणी मागितली नसताना, सही. सही निम्मी चौकटीबाहेर गेली. बाईंनी ते दोनदा वाचलं. चष्मा काढून पुसला.

“सांगितलंत ते बरं केलंत,” त्या म्हणाल्या. आवाज तसाच मऊ होता. “आम्ही उद्या फोन करू.”

हे वाक्य दोघांनाही पाठ होतं. बायकोने पर्सची चेन उघडली, बंद केली, पुन्हा उघडली. ती रडली नाही.

बूट अजून तलावाच्या दाराशी मांडणीवरच होते. तिघं अनवाणीच ऑफिसात जाऊन आली होती हे कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. गोटी बाकावर बसली, बुटांत पाय सरकवले आणि लेस हातात धरून वर पाहत राहिली.

“बाबा, आता खरी बांधू की खोटी?”

उत्तर आईने दिलं.

“खरी बांध,” ती म्हणाली. “आणि वास आला की ओरडायचं. घरात ओरडायचीस तसं.”

“इथेसुद्धा?”

“कुठेही.”

गोटीने जिभेचं टोक बाहेर काढून सावकाश एक बूट बांधला, मग दुसरा. दोघं आपापले बूट हातात धरून ते पाहत उभी राहिली.