खिंडीतल्या झोळीचं ठिगळ

मी झोळी बोलतेय. भिक्षेकऱ्याची नव्हे हो, वाऱ्याची! नारिंगी कापडाची, दोन्ही तोंडं उघडी, खांबाच्या कडीला अडकवलेली. माझ्या बहिणी तुम्ही विमानतळावर पाहिल्या असतील. जोराचा वारा आला की आम्ही आडव्या ताठ होतो, पडला की लोंबतो. इतकंच आमचं काम.

मला मात्र विमानतळाच्या दोन कोस अलीकडे, डोंगराच्या खिंडीत टांगलं होतं. खिंडीनंतर दरी इतकी अरुंद, की विमानाला माघारी वळायला जागाच नाही. धावपट्टी चढावाची आणि तिच्या टोकाला थेट डोंगर. खिंडीतला वारा येतो तो पाठीमागूनच, आणि तो जोराने रेटत असला, तर विमान वेळेत थांबत नाही. म्हणून वैमानिक आधी मला बघायचे. मी ताठ दिसले की परत फिरायचं, अर्धी लोंबती दिसले की आत शिरायचं.

मान एवढा, पण सोबत कुणाचीच नाही. विमान दिवसाला एक, तेही बघता बघता पसार. माणूस म्हणाल तर विमानतळाचा राखणदार. दर सोमवारी धापा टाकत चढून यायचा, कडीला तेल घालायचा.

"काय गं भवाने, आज तोंड का पाडलंस?" म्हणायचा.

पुढचे सहा दिवस मी त्या एका वाक्यावर काढायचे.

त्याची धाकटी लेक टपालाचं विमान चालवायला लागली, तेव्हा स्वारीचे पाय जमिनीला लागेनात. "आता माझी पोर तुला बघणार. नीट सांग हो तिला!" ती जाताना एक पंख जरासा हलवायची. ते माझ्यासाठीच असतं, असं मी धरून चालले होते.

उन्हाने मी विरले, पोटाशी फाटले. नवी झोळी मागवली, तर वरून "पाठवतो, पाठवतो" यापलीकडे काही येईना. शेवटी त्याने घरून जुन्या ताडपत्रीचा तुकडा आणला आणि दाभणाने दुहेरी टाके घालून मला ठिगळ लावलं. बोटं रक्ताळली त्याची. "आता दहा वर्षं बघायला नको!" म्हणाला. मीही हुरळले. इतका वेळ माझ्याजवळ कुणी बसलंच नव्हतं.

पण ठिगळ जड होतं. त्याच आठवड्यात गुरुवारी असा वारा सुटला, की खांब करकरू लागला. मी जीव खाऊन ताणत होते, ठिगळ मला खाली ओढत होतं. जेमतेम अर्धी उचलली गेले. आणि नेमकं तिचं विमान आलं. फिर गं बाई, मागे फिर! तिने मला पाहिलं, पंख हलवला आणि आत शिरली.

पुढचं मला नंतर कळलं. विमान धावपट्टी संपवून टोकाच्या मातीच्या ढिगात घुसलं. तो ढीग नसता तर पुढे डोंगरच होता. ती वाचली, पाय मोडला.

चौकशीला आलेल्यांनी मला वर-खाली बघितलं, त्यांना काही दिसलं नाही. त्यानेच बोट दाखवलं. "ते ठिगळ माझं आहे, साहेब."

मला उतरवून विमानतळाच्या कोठीत ठेवलं. तीन महिन्यांनी ती तिथे काठी टेकत त्याच्यासमोर उभी राहिली. "बाबा, फाटकी दिसली असती तर मी फिरलेच असते. फाटक्या झोळीवर आम्ही विश्वास ठेवत नाही. तुम्ही तिला धड करून ठेवलंत."



आता खिंडीत नवी झोळी आहे. नोकरी संपताना त्याने मला घरी आणलं. त्याच्या खोलीत खिडकीजवळच्या खिळ्यावर मी असते. लेक दुसऱ्या गावाहून विमान चालवते, रविवारी फोन करते. रोज सकाळी तो खिडकी उघडतो, मी जराशी फुगते. तो बघतो आणि पुटपुटतो, "दिसतंय त्याच्या दुप्पट धरायचं." मग चहा ठेवायला जातो.

आम्ही दोघं एका खोलीत राहतो, पण त्या गुरुवारपासून त्याने मला भवाने म्हटलेलं नाही. खिंडीतसुद्धा मी इतकी एकटी नव्हते.

कधी त्याच्याकडे आलात, तर कात्री आणा आणि माझं ठिगळ उसवा. तो स्वतः उसवणार नाही, त्याने ते शिक्षा म्हणून जपलंय. फाटकी तर फाटकी, मला एकदा त्याच्यासमोर खरं बोलू द्या. मग कदाचित तो विचारेल, आज तोंड का पाडलंस म्हणून.