तिसरा मुद्दा

अप्पांच्या अक्षरात दोन मुद्दे होते. मग ‘३.’ आणि पुढे कोरा कागद.

अप्पा, माझे वडील, जाऊन तीन आठवडे झाले होते. परळच्या आमच्या चाळीतलं मोफत वाचनालय ते चालवत. एका फोन कंपनीने तिथे चार कॉम्प्युटर आणि फुकट इंटरनेट दिलं होतं. कंपनीचं स्वतःचं अभ्यासाचं अ‍ॅप त्यावर झटकन उघडे, बाकी सगळं रखडे. कंपन्यांना असं करू द्यावं का, यावर दिल्लीतल्या दूरसंचार नियामकाने लोकांच्या हरकती मागवल्या होत्या. अप्पांचा कागद म्हणजे त्याच हरकतीचा अर्धवट मसुदा. मुदत आज संध्याकाळी पाचपर्यंत.

तिसरं त्यांना काय म्हणायचं होतं, या एका कुतूहलापोटी मी दुपारी वाचनालयात गेले.

आता तिथली सचिव मालनमावशी. माझ्या हातातला कागद बघताच म्हणाली, “नूपुर, ते पाठवू नकोस हां. कनेक्शन तोडतील. मग पोरं बसतील कुठे?”

“अप्पा तुला काही बोलले होते?”

“जयवंत बोलायचा कधी? हरकत नको म्हणून मी भांडले, तर म्हणाला, ‘आधी मोजू, मग भांडू.’ आणि बसला आपला घड्याळ घेऊन.”

“घड्याळ कशाला?”

तिने जावक रजिस्टर पुढे सरकवलं. अप्पा जन्मभर कारकून. जावक क्रमांक आणि पोच नसेल, तर पत्र गेलंच नाही, असं ते मानत. रजिस्टरच्या मागच्या पानांवर त्यांनी पट्टीने रकाने आखले होते : नाव, काम, वेळ, शेवट.

‘राजस, कंपनीचं अ‍ॅप, चार सेकंद, उघडलं.’

‘स्पृहा, जुन्या प्रश्नपत्रिका, सहा मिनिटं, उघडल्या.’

‘वरद, नोकरीची जाहिरात, नऊ मिनिटं, उठून गेला.’

सहा आठवड्यांच्या नोंदी होत्या. कोण काय शोधत आलं होतं, हे वाचताना मी घड्याळ बघायची विसरले. दोनशे बारा नावं, त्यातली एकाहत्तर उठून गेलेली. शेवटून दुसऱ्या पानावर : ‘प्रिती, शिष्यवृत्तीचा अर्ज, चौदा मिनिटं, उठून गेली.’

प्रिती ही मालनमावशीची नात. मी रजिस्टर तिच्याकडे वळवलं. तिने चष्मा लावला.

“मेला एका शब्दाने बोलला नाही मला,” ती म्हणाली, आणि जीभ चावली.

मला हसू आलं. तीन आठवड्यांत पहिल्यांदा.

मावशी मात्र पानाकडेच बघत होती. “मुदत चुकली पोरीची. मी तिला आळशी म्हटलं गं. चार बायकांसमोर.” मग चष्मा काढून म्हणाली, “पाठव. वाचनालयाच्या नावाने. तोडलं तर वर्गणी काढू.”

मुलांची नावं गाळून मी अप्पांचे आकडे तिसऱ्या मुद्द्याखाली टाइप केले. माझं एकही वाक्य घातलं नाही. चार वीसला नियामकाची साइट उघडायला घेतली. पडद्यावर चक्र फिरू लागलं.

“फोनवरून पाठव ना.”

“पावणेपाचपर्यंत बघू. नाहीच उघडली तर फोन आहे.”

चार एकतीसला पान उघडलं. पहिलाच प्रश्न होता : कंपनी, संस्था की व्यक्ती?

“संस्था,” मावशी माझ्या खांद्यावरून म्हणाली.

पोच आल्यावर मी रजिस्टर पुन्हा मागून उघडलं. अप्पांच्या शेवटच्या नोंदीखाली लिहिलं : ‘नूपुर, हरकत, अकरा मिनिटं.’ आणि ‘शेवट’च्या रकान्यात पोच क्रमांक.