उजव्या बुटाच्या टाचेतली माती

मी एक जुना बूट आहे. उजव्या पायाचा. माझा जोडीदार डावा माझ्या शेजारीच आहे, पण तो पहिल्यापासून अबोल, आणि त्याच्याकडून काही चूकही झालेली नाही. म्हणून मित्रांनो, बोलायचं ते मलाच बोललं पाहिजे.

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर एका छोट्या कारखान्यात माझा जन्म झाला. जाड कातडं, दुहेरी शिवण आणि तळव्याला खोल खोल खाचा. मला शिवणाऱ्या बाई म्हणाल्या होत्या की हा गडी चिखलात कधी घसरायचा नाही. त्या खाचांचा मला फार अभिमान होता.

मला विकत घेतलं एरूने. एरू मेंढ्यांच्या कुरणांना कुंपण घालायचं काम करायचा. सकाळी तो माझ्यात पाय घालायचा तो थेट संध्याकाळी मागच्या दाराशी काढायचा. घरात बूट न्यायचे नाहीत, हे त्यांच्याकडे लहान मुलालाही सांगावं लागत नाही. एरू तर असा काटेकोर की दुसऱ्याच्या गॅरेजमध्ये शिरतानाही बूट बाहेर काढून ठेवी. त्याची बायको मेरेआना त्याला यावरून सारखी चिडवायची. पण दर रविवारी तो मला मेण चोळायचा, आणि नऊ वर्षं माझी एक शिवणसुद्धा उसवली नाही.

मेरेआनाचं माहेर दूर, उत्तर बेटाच्या पार वरच्या टोकाला. तिथे त्यांच्या कुळाचं एक प्रचंड मोठं कौरीचं झाड आहे. घरात मूल जन्मलं की त्याची नाळ-वार त्या झाडाच्या सावलीत पुरायची, ही त्यांची रीत. मेरेआनाची तिथेच पुरलेली, तिच्या आईची तिथेच, आणि तिच्या लेकीची, रोइमाताचीही तिथेच. लग्नाला एकतीस वर्षं झाली तरी एरूने ते झाड पाहिलं नव्हतं. लेकीची वार पुरायलाही मेरेआना एकटीच गेली होती. दर वर्षी कुंपणाचं काहीतरी काम निघायचं. शेवटी मेरेआनाचे गुडघे कुरकुरायला लागले, तेव्हा तिने ठणकावून सांगितलं की या उन्हाळ्यात तू येतोस, नाहीतर मी एकटी निघते. मेव्हण्याची व्हॅन मागून आणली आणि आम्ही निघालो.

मित्रांनो, ते पहिले दिवस आठवले की अजून माझं कातडं सैल पडतं. व्हॅनसकट बोटीने आम्ही उत्तर बेटावर उतरलो, आणि तिथल्या मधल्या पठारावर ज्वालामुखीच्या उतारावरून एरू एकटाच चढला. राखेत मी घोट्यापर्यंत रुतत होतो, गंधकाच्या वासाने त्याला खोकला येत होता, तरी गडी शीळ घालत होता. मग गरम वाळूचा किनारा लागला. ओहोटी लागली की तिथे वाळूत खड्डा खणायचा आणि त्यात झिरपणाऱ्या कढत पाण्यात बसायचं. एरूने फावड्याने ऐसपैस खड्डा खणला, आणि पाय टाकणार तोच मेरेआनाने त्याला अडवलं. “तुला खणायला आणलंय, बसायला नाही,” असं म्हणून ती एकटीच आत पसरली. बराच वेळ तिने त्याला काठावर उभं ठेवलं, मग हात धरून आत ओढलं. मी आणि डावा शेजारी वाळूत पडून होतो. इतकं सुख मला पुन्हा कधी मिळालं नाही.

वाटेत एक कौरीचं जंगल लागलं. ते आजारी होतं. झाडांचे शेंडे विरळ झालेले, बुंध्यांतून डिंक वाहत होता. तो रोग मातीत असतो आणि बुटांना चिकटून गावोगाव जातो. म्हणून प्रत्येक वाटेच्या तोंडाशी ब्रश आणि औषधाचा फवारा ठेवलेला असतो. बाहेर पडताना एरूने डाव्याला नीट घासलं, औषध मारलं. तेवढ्यात व्हॅनमधून मेरेआनाने हॉर्न वाजवला, कारण गावातलं मासे-चिप्सचं दुकान बंद व्हायला पाच मिनिटं राहिली होती. एरूने माझ्यावरून दोनदा ब्रश फिरवला आणि धावत सुटला. टाचेच्या खाचेत एक ओला गोळा तसाच राहिला. मासे मात्र गरम मिळाले.

दोन दिवसांनी आम्ही उत्तरेला पोचलो. जंगलाच्या फाटकाशी घडीच्या खुर्चीवर काहू आंटी बसलेली होती. ती मेरेआनाची मावशी, आणि त्या झाडांची राखणही तिच्याकडेच. पायाशी बादली, मांडीवर ब्रश.

“आलास का रे, मेंढ्या?” ती एरूला म्हणाली. “एकतीस वर्षं लागली?”

“रस्ता चुकलो, आंटी.”

तिने बूट घासायला सांगितलं. एरूने मात्र मला आणि डाव्याला काढूनच टाकलं. “घरात शिरताना काढतो,” तो म्हणाला, “मग इथे घालून कसा जाऊ?”

आंटीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने स्वतः वाकून त्याचे पाय धुतले. आम्हाला तो फाटकाशीच ठेवणार होता, पण आंटीचा कुत्रा बूट पळवण्यात पटाईत होता. म्हणून त्याने आमच्या नाड्या एकमेकींना बांधल्या आणि आम्हाला खांद्यावर टाकलं. आमच्याकडे कुणी पाहिलं नाही. पायात नसलेला बूट कुणाच्या लक्षात येतो?

झाडापाशी पोचताच मेरेआनाला रडू फुटलं. ती नुसती उभी राहून आईला हाका मारत होती. तिला जवळ घ्यायला एरूला दोन्ही हात हवे होते. त्याने आम्हाला खाली मुळांवर ठेवलं. कौरीची मुळं अगदी वर, पाचोळ्याखालीच असतात. माझ्या टाचेतला वाळलेला गोळा निखळला आणि त्या मुळांत पडला. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला हलकं वाटलं.

चार वर्षांनी त्या झाडाचा शेंडा पिवळा पडला. बुंध्याशी डिंक आला. माती तपासली, रोग निघाला. काहू आंटीने राहुई घातली, म्हणजे झाडाभोवती कडक बंदी केली. आत आता घरच्यांनीही जायचं नाही. रोग रानडुकरांनी आणला असं सगळे म्हणाले, आणि पोरांनी अकरा डुकरं मारली. ती बातमी आली त्या दिवशी एरूने मला उलटं धरलं आणि टाचेच्या खाचेत बोट घालून ती तळापर्यंत चाचपली. त्याने मला पुन्हा पायात घातलं नाही.

त्याच वर्षी रोइमाताला मुलगी झाली, कोवहाई. तिची वार आइस्क्रीमच्या डब्यात घालून फ्रीजरमध्ये ठेवली, कारण पुरायची कुठे? फ्रीजर उघडला की मेरेआना डुकरांच्या नावाने बोटं मोडायची. एरू सात महिने ते ऐकत राहिला. मग एका सकाळी मागच्या पायरीवर बसून तो म्हणाला, “मेरे, डुकरं नव्हती. हे बूट होते.”

मेरेआनाने माझ्याकडे पाहिलं. कुठल्या जंगलात, कधी, एवढंच तिने विचारलं. मग आत जाऊन फोन लावला आणि त्याच्या हातात दिला. “मला सांगून झालं. आता तिला सांग.”

एरूने आंटीला सगळं सांगितलं.  पलीकडून तिचा आवाज मलाही ऐकू आला.

“तुझे पाय मी धुतले रे, माझ्या हातांनी. खांद्याकडे बघितलंच नाही.” आणि मग, “ये इकडे. माझ्या खुर्चीवर बस आता.”

आता एरू आणि मेरेआना तिथेच राहतात. जंगलाचा निरोगी भाग अजून उघडा आहे, आणि त्या फाटकाशी एरू बसतो. पायातलं, हातातलं, खांद्यावरचं, सगळं उतरवून घेतो. मला आणि डाव्याला त्याने औषधात बुडवून, खिळा ठोकून फाटकाच्या खांबाला टांगलंय. येणाऱ्याला तो माझी टाच दाखवतो आणि सगळं सांगतो. मला लाज वाटते, पण तो एक शब्दही लपवत नाही.

मित्रांनो, त्या दिवशी कुणाच्या मनात काही वाईट नव्हतं. उलट एरूइतक्या आदराने त्या झाडाकडे कोण गेलं असेल? पण आदराने टाचेतली माती निघत नाही, ती ब्रशनेच काढावी लागते. घाई असली तरी काढा. मासे गार झाले तरी चालतील.

काल कोवहाई आली होती. तीन वर्षांची झाली आता. दूर दिसणाऱ्या त्या पिवळ्या शेंड्याकडे बोट करून ती म्हणाली, “कोरो, सगळ्यांचं तिथे पुरलंय. माझं कुठे आहे?” आजोबांना ती कोरो म्हणते.

“तुझं अजून घरी आहे, बाळा,” एरू म्हणाला.

मग त्याने तिला खुर्चीवर बसवलं, तिचे इवलेसे बूट काढून उलटे केले आणि घासायला घेतले. उजवा त्याने दोनदा घासला.